बाळासाठी कार सीट : कोणती, कुठे, कशी बसवायची? (आणि सासूबाईंना कसं पटवायचं?)

रेवा_घोडबंदर
नमस्कार मंडळी. लेक आठ महिन्यांची आहे, वजन साडेसात किलो. पुढच्या महिन्यात नाशिकला नणंदेकडे वास्तुशांत आणि मग गणपतीत गुहागर, असे दोन लांबचे प्रवास ठरलेत. एरवी कासारवडवलीहून नौपाड्याला माहेरी, एवढंच फिरणं. गाडी जुनी हॅचबॅक, सीएनजी, डिकीत सिलिंडर. शोरूममध्येच घालून दिलेली जाड रेक्झिनची कव्हरं आहेत.

कार सीट घ्यायची हे आम्हा दोघांचं ठरलंय. पण दुकानात गेलो तर सेल्समनने "ही जन्मापासून बारा वर्षांपर्यंत चालते, घेऊन टाका" म्हणत एकच सीट पुढे सरकवली. बसवून दाखवा म्हटलं तर "सोपं असतं मॅडम, व्हिडिओ बघा". आयसोफिक्स म्हणजे नक्की काय, आमच्या गाडीला आहे की नाही हे कसं कळतं, उलट्या तोंडाची किती दिवस ठेवायची, पुढच्या सीटवर ठेवली तर चालेल का... कुणी वापरलेलं असेल तर नीट सांगा.

आणि सासूबाईंचं काय करू? "एवढंसं लेकरू जखडून कशाला ठेवायचं? मी मागे बसते ना मांडीवर घेऊन." त्या प्रेमाने म्हणतात, त्यामुळे वाद घालता येत नाही.

गाडीवान
घोडबंदर रोडला गाडी वीसच्या वर जाते कधी? गायमुखला एक कंटेनर बंद पडला की तासभर जागचे हलत नाही आपण. आमची दोन्ही पोरं मांडीवर मोठी झाली. फार तर नाशिकपुरती घ्या. दहा-बारा हजार घालून माळ्यावर ठेवायची वस्तू आहे ही.

सांधेजोड
गाडीवान, रात्री अकरानंतर माजिवड्याहून निघा. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, सगळे उड्डाणपूल मोकळे असतात आणि गाड्या सत्तर-ऐंशीने जातात. नवी मुंबईच्या पाम बीच रोडचं तर बोलायलाच नको. आणि चाळीसचा वेगही कमी नसतो, ते आकड्यात सांगतो.

ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. वरून पडणाऱ्या वस्तूला एवढा वेग यायला ती साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडावी लागते. ताशी ४० ला हेच अंतर सव्वासहा मीटर, म्हणजे दोन मजले. आता गाडी आदळली आणि पुढचा भाग चेपत ६० सेंटीमीटरमध्ये थांबली असं धरा. तेवढ्या वेळात साडेसात किलोच्या बाळाला धरून ठेवायला सरासरी सव्वाशे किलोचा जोर लागतो, आणि धक्का सगळ्यात जास्त असतो त्या क्षणी त्याहून बराच अधिक. हे पन्नासच्या वेगाचं गणित आहे, एक्सप्रेसवेचं नाही. सव्वाशे किलो कुणाच्याही हातात पेलत नाहीत. सासूबाईंच्या नाही, आणि जिमला जाणाऱ्या बाबाच्याही नाही.

मांडीवर घेऊन एकच बेल्ट दोघांवरून लावणं त्याहून वाईट. मागचं मोठं माणूस पुढे रेटलं जातं आणि त्याच्या आणि बेल्टच्या मधे मूल चिरडतं.

रेवा, तुमच्या गाडीचं बोलू. आयसोफिक्स म्हणजे गाडीच्या सांगाड्यालाच जोडलेल्या दोन पोलादी कड्या. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत असतात. कार सीटचे दोन चिमटे त्यात खट्कन बसतात. शिवाय तिसरा आधार हवा. एक तर सीटच्या वरून मागे जाणारा पट्टा, ज्याला टॉप टेदर म्हणतात, नाही तर गाडीच्या तळावर टेकणारा पाय. तिसऱ्या आधाराशिवाय आदळताना सीट पुढे कलते.

गाडीला कड्या आहेत का, ते कव्हरवर बसून कळणार नाही. शोरूमची कव्हरं पाठ-बैठकीच्या फटीत कोंबून आतून दोरीने बांधलेली असतात आणि कड्या त्याखाली गाडल्या जातात. मागची बकलंही बरेचदा कव्हरखालीच असतात. कव्हर काढा आणि फटीत बोटं घालून चाचपा. पाठीवर कापडी खूण किंवा छोटं प्लास्टिकचं झाकण असेल तर कडी तिथेच आहे.

कड्या नसतील तरी काही बिघडत नाही. थ्री-पॉइंट बेल्टने (खांद्यावरून आणि कमरेवरून जाणाऱ्या नेहमीच्या बेल्टने) बसवायच्या सीटही तितक्याच चांगल्या असतात, फक्त त्यात चुका जास्त होतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा मागचा बेल्ट झटका बसला तरच अडकतो, एरवी मोकळा सरकतो. त्यामुळे सीटवरच बेल्ट पकडून ठेवणारी कळ आहे का ते घेताना बघा. बसवताना एक गुडघा सीटमध्ये रोवून अंगाचा भार टाका, बेल्ट खेचा, कळ लावा. मग बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून डावी-उजवीकडे हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर परत. डोक्याकडून धरून हलवू नका, तिथे थोडी हलतेच.

खारघर_टेकडी
सांधेजोड +१. कव्हरांबद्दल विशेष. आम्ही मागचं कव्हर काढूनच टाकलं. गुळगुळीत रेक्झिनवर सीट सरकतेही.

घेताना सीटवरचं नारिंगी लेबल बघा. त्यावर वर्तुळात ई आणि एक आकडा असतो (तो मंजुरी देणाऱ्या देशाचा, ई ४ म्हणजे नेदरलँड्स), आणि आर ४४/०४ किंवा आर १२९ असं लिहिलेलं असतं. आर ४४ हा युरोपीय मंजुरीचा जुना नियम, तो मुलाच्या वजनावर चालतो. आर १२९ नवा, तो उंचीवर चालतो आणि त्यात बाजूने बसणाऱ्या धक्क्याचीही चाचणी असते. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर ती फक्त सुंदर खुर्ची आहे. ऑनलाइन कापडी गादीला चार पट्टे शिवून "कार सीट" म्हणून विकतात, दीड-दोन हजारात. त्याकडे ढुंकूनही बघू नका.

जन्मापासून बारा वर्षं हे दुकानदाराला सोयीचं. अशी एकच सीट सगळ्या वयांना थोडी थोडी बसते आणि तान्ह्या बाळाला तर बहुधा ढगळच. दोन टप्प्यांत घेतलेली बरी. आता उलट्या तोंडाची मोठी सीट, जी पुढे सुलट करता येते, आणि मग पाठ असलेला बूस्टर, म्हणजे गाडीचा बेल्ट मुलाला नीट बसावा म्हणून त्याला उंच करणारी बैठक.

बालवैद्य
उलट्या तोंडाबद्दल मी लिहिते, दवाखान्यात रोज विचारतात.

तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या साधारण चौथा भाग असतं. मोठ्या माणसाचं सातवा-आठवा. मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, मधे कूर्चा असते. समोरून गाडी आदळली आणि बाळ पुढे तोंड करून बसलेलं असेल तर धड पट्ट्यांनी अडतं, पण ते जड डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ, सगळं एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबलं जातं. मार विभागला जातो.

आर १२९ मध्ये १५ महिन्यांआधी तोंड पुढे करायची परवानगीच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाची अट काढून टाकली आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर उलटंच ठेवा म्हटलं. मीही तेच सांगते. वाढदिवस झाला म्हणून सीट फिरवायची नसते.

"पाय दुमडतात हो डॉक्टर" हा ठरलेला प्रश्न. दुमडू देत. आपली मुलं मांडी घालूनच बसतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही.

पुढच्या सीटवर उलट्या तोंडाची सीट आणि समोर चालू एअरबॅग, हे कधीच नको. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि बाळाच्या डोक्यामागच्या कवचावरच आदळते. सन व्हायझरवर त्याचं चित्र असतं, लाल फुली मारलेलं. काही गाड्यांत पुढची एअरबॅग किल्लीने बंद करता येते, पण मागची सीट रिकामी असताना तो खटाटोप कशाला?

अगदी लहान बाळांच्या आयांसाठी: हनुवटी छातीला टेकली तर श्वासनलिका दबते, म्हणून सीटचा कल महत्त्वाचा. बाजूला एक रेघ असते, ती जमिनीला समांतर यायला हवी. लांबच्या प्रवासात दोन तासांच्या आत थांबून बाळाला बाहेर काढा, पहिल्या काही आठवड्यांत तर अर्ध्या तासातच. वेळेआधी जन्मलेलं असेल तर प्रवासाआधी डॉक्टरांना विचारा. घरी आल्यावर झोपलंय म्हणून सीटमध्येच झोपू देऊ नका, उचलून पाळण्यात ठेवा.

रेवा_घोडबंदर
खूप आभार! आज कव्हर उसवलं. कड्या नाहीत. म्हणजे बेल्टवालीच घ्यायची. मधल्या जागी ठेवू का? तिथे फक्त कमरेचा पट्टा आहे.

सांधेजोड
फक्त कमरेचा पट्टा असेल तर मधे नको. बऱ्याच सीटना थ्री-पॉइंटच लागतो. डावीकडे, म्हणजे ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या मागे ठेवा. आपल्याकडे ती फुटपाथची बाजू, बाळाला आत-बाहेर करताना पाठीमागून रिक्षा येत नाही. एक अडचण सांगून ठेवतो. हॅचबॅकमध्ये उलटी सीट ठेवली की पुढची सीट बरीच पुढे सरकवावी लागते. उंच माणूस तिथे बसला तर गुडघे डॅशबोर्डला. त्याला ड्रायव्हिंग करायला लावा.

आजी_नेरूळ
बाकीच्यांचं झालं असेल तर सासूच्या वतीने बोलते. :)

रेवा, तुझ्या सासूबाईंना भौतिकशास्त्र नको आहे. सून आपल्याला मागे सारते आहे असं वाटलं की मग खुर्चीत शंभर दोष दिसतात. माझ्या नातवाच्या वेळी मुलीने मला सरळ कामाला लावलं. "आई, पट्टे तू लावायचेस. मला घट्ट-सैल कळत नाही." मला काय, ब्लाउजची शिलाई बोटाने तपासायची सवय! खांद्याच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत धरायचा. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर सैल, बोटं घसरली तर बरोबर. उलट्या तोंडाच्या खुर्चीत पट्टा खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवा, सुलट केल्यावर खांद्याच्या बरोबरीने किंवा वरून. पट्ट्याला पीळ नको. हे सगळं मीच बघते, आणि आता जावयाने लावलेले पट्टे मी सोडून परत लावते.

बारशाची चांदीची साखळी, करगोटा, वाळे घालून बसवू नका. साखळी मधल्या बकलखाली येते, पोटाला टोचते, मूल कळवळून रडतं आणि खापर खुर्चीवर फुटतं. दुपट्यात गुंडाळूनही नाही. दुपटं वरून घाला, पट्टे लावून झाल्यावर. लग्नाला जायचं असेल तर फुगीर फ्रॉक पिशवीत न्या आणि तिथे बदला.

आणि आजीने शेजारीच बसावं. हात धरायला, खुळखुळा वाजवायला. पण स्वतःचा बेल्ट लावून.

गाडीवान
आजी, नमस्कार घ्या. पण मागे बेल्ट कोण लावतं हो?

आजी_नेरूळ
मी.

सांधेजोड
गाडीवान, सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला, ते मागच्या सीटवर होते आणि पोलिसांच्या म्हणण्यानुसार बेल्ट लावलेला नव्हता. गाडी उत्तम, महागडी. त्यानंतरच १ नोव्हेंबरपासून मुंबईत मागच्यांनाही बेल्टची सक्ती झाली. मागे बेल्ट न लावलेलं साठ-सत्तर किलोचं माणूस गाडीत फेकलं जातं, आणि शेजारी बाळ असेल तर त्याच्यावरच पडतं. पार्सल ट्रेवरची (मागच्या सीटमागच्या फळीवरची) छत्री, स्टीलचा डबा, शहाळं यांचंही तेच. डिकीत ठेवा. (सीएनजीवाल्यांनी पायाशी.)

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्यातलं कलम १९४ब. १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा कार सीटमध्ये बांधलेलं नसेल तर १००० रुपये दंड, सप्टेंबर २०१९ पासून. आपल्या नाक्यावर यासाठी कुणाला अडवलेलं पाहिलंय का? मी तरी नाही. हेल्मेटसाठी अडवतात, मोबाईलसाठी अडवतात, चालकाच्या मांडीवर स्टिअरिंग धरून बसलेलं पोर मात्र सिग्नलला हवालदाराला टाटा करून निघून जातं.

पाम_बीच_पळापळ
हो! सीवूड्सच्या सिग्नलला दर रविवारी एक तरी बाबा मुलाला मांडीवर घेऊन "गाडी चालवायला" देताना दिसतो. दुसरा सनरूफमधून पोराला बाहेर काढतो. लोक कौतुकाने रील काढतात.

आणि त्या गाड्या फाइव्ह-स्टार असतात. हे तारे देणारी आपली सरकारी क्रॅश टेस्ट, भारत एनकॅप, ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली, ऑक्टोबरपासून चाचण्या. त्यात मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण असतात. पण ते गुण मिळवताना दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढे डमी व्यवस्थित कार सीटमध्ये बांधलेले असतात. मांडीवरच्या मुलाला त्यातला एकही तारा लागू नाही. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही. सनरूफ मात्र दोनदा उघडून दाखवतात.

मधुरा_ऐरोली
धागा वाचतेय. आमची अडचण वेगळी. भावाने अमेरिकेहून त्याच्या मुलीची सीट पाठवलीय, छातीवर क्लिप असलेली. वापरू का? इथल्या कुठल्याच सीटला ती क्लिप दिसत नाही.

सांधेजोड
ती क्लिप अमेरिकेच्या सीटना असते, काखेच्या उंचीवर लावायची, पोटावर नाही. युरोपीय मंजुरीच्या सीटना नसते, त्यात कमी-जास्त काही नाही. तुम्ही दोन गोष्टी बघा. सीटच्या पाठीवर किंवा तळाला निर्मितीची तारीख आणि बहुधा मुदतही छापलेली असते, साधारण सहा ते दहा वर्षं. उन्हा-थंडीने प्लास्टिक ठिसूळ होतं. आणि ती सीट कुठल्या अपघातात नव्हती ना, हे भावाला विचारा. भावालाच विचारता येतं म्हणून सेकंडहँड चालेल. ओएलएक्सवरच्या अनोळखी माणसाला विचारून उपयोग नाही.

तिसरी खोच. अमेरिकेतल्या गाड्यांचे बेल्ट पूर्ण बाहेर ओढले की आपोआप अडकून राहतात, आपले तसे नसतात. म्हणून तिथल्या अनेक सीटना बेल्ट पकडणारी कळच नसते. तुमच्या गाडीला खालच्या कड्या असतील तर सीटच्या पट्ट्याचे हूक त्यात अडकवा. नसतील तर बेल्ट बांधून ठेवणारी लोखंडी क्लिप वेगळी लागेल. पुस्तिकेत तिचं चित्र असेल.

मधुरा_ऐरोली
पुस्तिका आहे! कड्याही आहेत. धन्यवाद.

वाचनमात्र_विकास
प्रश्न. आम्ही गाडी घेतलेली नाही, घ्यायची ऐपतही नाही. रिक्षा, ओला-उबर आणि स्कूटर. आमच्यासाठी काय?

खारघर_टेकडी
चांगला प्रश्न. कॅबसाठी तान्ह्या बाळाची हँडलवाली सीट येते, बेल्टने बसणारी. हातात घेऊन फिरता येते, पण जड असते. कॅब बुक झाल्यावर लगेच फोन करून विचारा, "मागचे बेल्ट चालू आहेत का?" निम्म्या गाड्यांत कव्हरखाली पुरलेले असतात. ड्रायव्हर खाली येऊन काढून देतो, कुरकुरत का होईना. एकाने तर मला बेल्टऐवजी नुसती बकलात खोचायची पितळी क्लिप दाखवली, बीप बंद करायची. तसल्या क्लिपा ऑनलाइन विकायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये बंदी केली, तरी गाड्यांतून त्या अजून दिसतात.

रिक्षात बांधायला काहीच नाही. आतल्या बाजूला बसा, मूल दोघांच्या मधे, हायवेने न जाणारी रिक्षा. याच्या पलीकडे उपाय नाही, उगाच खोटा दिलासा देत नाही.

स्कूटरचा नियम आहे. फेब्रुवारी २०२३ पासून ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधणारा हार्नेस, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ४० च्या आत. चार वर्षांवर हेल्मेट तर आहेच. स्कूटरवर पुढे फुटबोर्डवर उभं करणं बंद करा. ब्रेक लागला की तोंड थेट हँडलवर.

गाडीवान
बरं, माझा प्रश्न. धाकटा सहा वर्षांचा आहे, वीस किलो. तो तर आता बेल्ट लावू शकतो ना?

बालवैद्य
लावू शकतो, पण तो बेल्ट त्याच्या मापाचा नाही. उंची १४५ सेंटीमीटर होईपर्यंत बूस्टर, युरोपात किमान मर्यादा देशागणिक १३५ ते १५० आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या कमरेचं हाड अजून लहान असतं, त्यामुळे खालचा पट्टा मांड्यांवर न राहता पोटावर चढतो. धक्क्यात आतडी, प्लीहा, कधी पाठीचा कणा. वरचा पट्टा गळ्याला लागतो म्हणून मुलं तो काखेखाली किंवा पाठीमागे टाकतात, मग वरचं धड मोकळंच.

घरी बघा. पाठ सीटला पूर्ण टेकलेली, गुडघे बैठकीच्या कडेला वाकलेले, खालचा पट्टा मांड्यांवर, वरचा खांद्याच्या मधून. आणि मुख्य म्हणजे पूर्ण प्रवासभर तसाच बसू शकतो का? झोपल्यावर बेल्टखालून घसरतो का? पाचही जमलं तर बूस्टर काढा. सहा वर्षांच्या मुलाचं जमत नाही, मोजायलाही नको.

पाठ असलेला बूस्टर घ्या. डोकं बाजूला कलंडलं तरी पट्टा खांद्यावर राहतो.

गाडीवान
टेप घेऊन मोजलं. ११४. झोपल्यावर घसरतोच तो, शेपूट वळवून पार सीटखाली जातो. बूस्टर कितीला येतो?

खारघर_टेकडी
पाठीचा चांगला चार-पाच हजारांपासून. माळ्यावर ठेवायची वस्तू नाही बरं का. ;)

रेवा_घोडबंदर
सीट आली. काल तीन हात नाक्यापर्यंत जाऊन आलो. पहिली दहा मिनिटं आकांत, मग झोप. सासूबाई शेजारी बसल्या, पट्टे त्यांनीच लावले (आजी, तुमची युक्ती जशीच्या तशी), आणि वाटेत दोनदा चिमटी लावून बघितली. आता नवऱ्याला सांगतायत की पट्ट्याला पीळ आहे.

एक प्रश्न राहिला. कसारा घाटात रडली तर? दूध पाजायला बाहेर काढू का चालत्या गाडीत?

आजी_नेरूळ
चालत्या गाडीत नाही गं बाई. निघायच्या आधी पोटभर पाज, ढेकर काढ, मग बसव. झोपेच्या वेळेला निघ. रडली तर घाटाच्या कडेलाही थांबू नका, वळणावर मागून ट्रक येतात. पुढच्या धाब्यापर्यंत गाणी म्हणा. रडणारं मूल खुर्चीत सुखरूप असतं.

पाम_बीच_पळापळ
अवांतर: उघड्या पार्किंगमध्ये गाडी असेल तर निघताना सीटवर ओला पंचा टाकून ठेवा. एप्रिल-मे मध्ये ते धातूचं बकल असलं तापतं की चटका बसतो. परत आल्यावर आधी स्वतःच्या हाताने बकल चाचपा, मग मूल बसवा. आणि "दोन मिनिटांत भाजी घेऊन येतो" म्हणून बंद गाडीत मूल ठेवून जाऊ नका, काच बोटभर उघडी ठेवून काही होत नाही.

डोक्याला जोडायच्या वेगळ्या उशा, पट्ट्यांवरची जाड गादी, मुलाला सुटता येऊ नये म्हणून बकलवर लावायच्या वस्तू, सीटबरोबर आलेलं नसेल तर काहीच लावू नका. सीटची चाचणी त्याशिवाय झालेली असते.

निनाद_वाशी
उशिरा आलो. लेकीने काल घाटात ओकारी केली, नखशिखांत. सीटचं कव्हर, पट्टे, बकल, सगळं. मशीनला लावू का?

सांधेजोड
कव्हर लावा, लेबल वाचून, थंड पाण्यात. पट्टे मशीनला नाही, साबणाच्या पाण्यात भिजवून ठेवणंही नाही, ब्लीच तर अजिबात नाही. धाग्याची ताकद जाते. ओल्या फडक्याला सौम्य साबण लावून पुसा आणि सावलीत वाळवा. बकलात अडकलं असेल तर ते कोमट पाण्याच्या कपात खालून बुडवून बटण दाबत राहा. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० काही घालू नका. वाळल्यावर खट् असा स्पष्ट आवाज यायला हवा. आणि कव्हर उतरवण्याआधी मागून-पुढून चार फोटो काढा, पट्टा कुठल्या फटीतून कुठे जातो ते परत बसवताना कुणालाच आठवत नाही.

निनाद_वाशी
फोटो काढले. वास जायला?

आजी_नेरूळ
खाण्याचा सोडा, रात्रभर भुरभुरून ठेवायचा कव्हर काढलेल्या गादीवर. सकाळी झटकायचा. उरलाच तर परत.